सोळा वळणं आणि काशिनाथचं लग्न

डहाणूत मी चौतीस वर्षं नोकरी केली आणि या चौतीस वर्षांत पूर्वेकडचे डोंगर मला रोज दिसले. रोज दिसतात म्हणजे आपण तिकडे जाऊन आल्यातच जमा, असं माझं मत होतं. शिवाय मी कारकून. तालुक्यातल्या बहुतेक पाड्यांच्या फायली माझ्या हाताखालून गेलेल्या. कुठे किती घरं, विहिरीला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी, वाट कशी, हे मला तोंडपाठ. करवंदपाड्याच्या फायलीत लिहिलेलं आहे, "पायवाट. चढ तीव्र. वळणे सोळा." अक्षर माझंच आहे. मी तिथे कधी गेलो नव्हतो.

यंदा फाल्गुनात गेलो. डोंगर बघायला नव्हे. आमच्या ऑफिसच्या जीपचा ड्रायव्हर काशिनाथ, त्याचं लग्न अडलं होतं म्हणून गेलो.

काशिनाथ बावन्न वर्षांचा आहे. त्याला जानकी नावाची बायको आहे आणि वैशाली नावाची मुलगी आहे. वैशाली नर्स आहे आणि तिचं लग्न तलासरीकडच्या एका मुलाशी ठरलं होतं. मुलाचं अच्छाडच्या नाक्यावर टायरचं दुकान आहे. इथपर्यंत सगळं ठीक. पण आमच्याकडच्या पाड्यांवर एक रीत आहे. दोघांनी घरच्यांच्या संमतीने संसार सुरू करायचा आणि लग्नाचा विधी सवडीने करायचा, यात तिथे कुणाला काही वावगं वाटत नाही. मात्र मुलांचं लग्न निघालं की आधी आईबापांचं लागलं पाहिजे. काशिनाथला सव्वीस वर्षं सवड झाली नव्हती. माझं स्वतःचं लग्न डहाणूच्या हॉलमध्ये तीन तासांत आटोपलं होतं, कारण चार वाजता हॉल दुसऱ्यांना द्यायचा होता. तेव्हा सवडीच्या बाबतीत मी कुणाला बोलू नये.

लग्न लावते ती धवलेरी. आमच्याकडे भटजी माइक हातात घेऊन जे करतात ते सगळं तिथे ही बाई गाणी म्हणून करते. ती गायली नाही तर जेवणावळ झाली तरी लग्न झालं असं कुणी म्हणत नाही. काशिनाथची धवलेरी म्हणजे करवंदपाड्याची भागीमावशी. आई गेल्यावर याला तिनेच वाढवला. सव्वीस वर्षांपूर्वी जानकीला घरी आणली तेव्हा त्याने मावशीला लग्न लावायला बोलावणं केलं होतं. मावशी तयारीत बसली. हा म्हणाला, पुढच्या वर्षी न्यायला येतो. मग नोकरी लागली, आणि पुढचं वर्ष पुढेच राहिलं.

आता त्याने खालच्या दोन पाड्यांवरच्या धवलेरींना विचारून पाहिलं. दोघींनी एकच उत्तर दिलं, "तुझं लग्न भागीच्या हातचं हाय." वैशालीच्या लग्नाला दहा दिवस उरले होते. मावशी आली नाही तर बापाचं लग्न नाही, आणि बापाचं नाही तर मुलीचं नाही. टायरवाल्याकडचे लोक रोज फोन करून काय ते कळवा म्हणत होते.

"भाऊसाहेब, तुम्ही चला," काशिनाथ मला म्हणाला.

माझ्या शब्दाला वजन आहे हे त्याला ठाऊक असावं, असं मला वाटलं. मी बरं म्हटलं. मग तो म्हणाला, "पाहुण्याच्या समोर मावशी शिव्या देत नाय."

काशिनाथबद्दल एक सांगायचं राहिलं. जीप कुठेही थांबली की हा खांद्यावरचं पिवळं फडकं काढून समोरची काच पुसत उभा राहायचा. साहेब परत येईपर्यंत पुसायचा, मधेच आत बसून काचेतून बघायचा, उतरून पुन्हा पुसायचा. तालुक्यात इतकी स्वच्छ काच दुसऱ्या कुठल्या सरकारी गाडीची नव्हती. "वाहन स्वच्छ ठेवतो" असा शेरा त्याच्या सेवापुस्तकात मी खटपट करून लिहवून घेतला होता. मला त्याचा अभिमान होता.

शनिवार, कासा

सुट्टीच्या दिवशी ऑफिसची जीप नाही. एसटीने चारोटीपर्यंत आणि तिथून कासा. कासाच्या बाजारात सुक्या बोंबलांचा ढीग, प्लास्टिकच्या घागरी, टॉर्च आणि लग्नसराईची लुगडी एकाच पालाखाली मिळतात. जानकीबाई तिथे आमची वाट बघत उभ्या होत्या. हातात एक गाठोडं, पायात साधी रबरी चप्पल. त्यांनी नारळ घेतला, हळद घेतली, तांदूळ घरचेच होते. मग बोंबील घेतले, तेही निवडून निवडून.

"बोंबील कशाला?" काशिनाथने विचारलं.

"मावशीला मऊ लागतात," जानकीबाई म्हणाल्या. हे यांना कसं माहीत, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

माझ्या पाठीवर मुलाची जुनी सॅक होती. तीत सौभाग्यवतींनी दशम्या, चिवडा आणि वीसएक चिकू भरले होते. डोंगरावर चिकू कशाला, असं मी म्हटलं होतं. त्यावर त्यांनी आणखी पाच भरले. पायात पुण्याच्या मुलाने पाठवलेले खास चालायचे बूट. सहा वर्षं मी ते खोक्यात जपून ठेवले होते.

कासाहून शेअर जीपने पाऊण तास. दहाच्या बैठकीत आम्ही सतरा जण होतो. काशिनाथ पुढे ड्रायव्हरशेजारी बसला आणि प्रत्येक खड्ड्याला त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता. रस्ता संपतो तिथे एक मोठं मोहाचं झाड आहे. त्याच्या सावलीत जीपने आम्हाला उतरवलं आणि धूळ उडवत ती निघून गेली. खाली मोहाची फुलं पडली होती आणि दोन बाया ती वेचत होत्या. गोडसर, जरा आंबूस वास.

"साहेबांना घेऊन येतो तेव्हा गाडी इथंच लावतो," काशिनाथ म्हणाला.

"आणि वर?"

"वर साहेब जातात."

वीस वर्षं तो या झाडापर्यंत येत होता.

चढ

समोर बघितल्यावर मला माझ्या अक्षरातला "तीव्र" हा शब्द आठवला. डोंगराच्या अंगावर वाट नागमोडी वर गेली होती, एकावर एक, आणि शेवटचं वळण बघायला टोपी धरावी लागत होती. मी रोज डहाणूच्या किनाऱ्यावर चार किलोमीटर चालतो. किनारा सपाट असतो, ही गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती.

पहिल्याच वळणावर कळलं की काशिनाथला चालता येत नाही. म्हणजे पाय धड आहेत, पण तो चालत नाही, चालवतो. वाटेची डावी बाजू सोडायची नाही. वळणाच्या अलीकडे शीळ घालायची, समोरून कुणी येत असेल तर कळावं म्हणून. मग बाहेरच्या अंगाने मोठं वळण घ्यायचं. तिसऱ्या वळणावर वरून दोन बाया डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरत होत्या. काशिनाथने हात वर करून त्यांना थांबायची खूण केली.

"घाटात चढणाऱ्याला आधी वाट," त्याने मला समजावलं.

मोळीवाल्या बायांना हा नियम माहीत नव्हता. त्या थांबल्या नाहीत. जानकीबाईंनी नवऱ्याला दंडाला धरून करवंदीच्या जाळीत ओढला, म्हणून तो वाचला. "ओझंवालीला आधी वाट," त्या म्हणाल्या. त्याच्या शर्टाची बाही फाटली.

जानकीबाई स्वतः वळणांच्या भानगडीत पडत नव्हत्या. दोन वळणांच्या मधून एक उभी चोरवाट जाते, तिने त्या वर जायच्या आणि पुढच्या वळणावर बसून आमची वाट बघायच्या. पाचव्या वळणावर उंबराखाली एक सपाट खडक आहे. तिथे त्या म्हणाल्या, "सायब लोक इथवर यायचे. डबा खायचे. मग उतरायचे."

"वर नाही जायचे?"

"वरची मानसं खाली बोलवायचे."

ज्या दौऱ्यांच्या दैनंदिनीत "पाड्यास समक्ष भेट दिली" असं लिहिलेलं होतं, त्या मी वाचलेल्या होत्या आणि फायलीला लावलेल्या होत्या. मी खडकावर बसून दोन चिकू खाल्ले. खडक खरोखर आरामशीर होता.

सातव्या वळणावर माझ्या उजव्या बुटाचा तळ मागे राहिला. मी पुढे गेलो, तो आला नाही. सहा वर्षांत खोक्यातल्या खोक्यात डिंक वाळून गेला होता. नवव्या वळणावर डाव्यानेही तेच केलं. जानकीबाईंनी गाठोड्याची सुतळी सोडून दोन्ही तळ बुटांना बांधले, आणि गाठ मारताना तोंड दुसरीकडे केलं. त्या हसत होत्या हे मला पाठीवरून कळलं.

पण बाराव्या वळणावर मी मागे वळून पाहिलं आणि पाय दुखायचे थांबले. खरंच थांबले. खाली अख्खं खोरं उघडं पडलं होतं. कालव्याच्या कडेने हिरवी पट्टी, बाकी सगळं पिवळं, त्यात मधेमधे पळस पेटलेले. पलीकडे महालक्ष्मीचा सुळका, तो ओळखायला कुणी सांगावं लागत नाही. त्यामागे हायवे, त्यावर मुंग्यांसारखे ट्रक. आणि अगदी लांब, धुरकट, डहाणूच्या वीजकेंद्राची चिमणी. तिच्या डावीकडे माझं घर. माझ्या गच्चीवरून जे रोज दिसतं, ते मी आज त्याच्या बाजूने बघत होतो. मला फार आनंद झाला. मी तो बोलून दाखवला.

"मोबाइलला रेंज पन इथंच येते," जानकीबाई म्हणाल्या.

त्या दगडावर उभं राहून काशिनाथने टायरवाल्याकडे फोन लावला आणि काम होत आलंय म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर त्याने फडक्याने तोंड पुसलं. चेहरा मात्र पडला होता. पुढची वळणं त्याने शीळ न घालता घेतली. वर पोचेपर्यंत मी एकोणीस मोजली.

करवंदपाडा

माथ्यावर सपाटी आहे आणि सपाटीवर अकरा कुडाची घरं. कडेच्या घरापुढे फणसाचं झाड आहे. फणसाखाली एक बारीक म्हातारी नागली पाखडत बसली होती. तिने मान वर केली.

"यंदा उशीर केलास," ती जानकीबाईंना म्हणाली.

"वाटेत सायबाचे बूट मेले," जानकीबाई म्हणाल्या, आणि सरळ आत जाऊन बोंबील शिंक्यावर ठेवून आल्या.

काशिनाथ अंगणात उभा राहिला तो राहिलाच. आपली बायको दर वर्षी होळीच्या आधी माहेरी म्हणून जाते ती इथे येते, हे त्याला त्या क्षणी कळलं. तो तिच्याकडे बघत होता आणि ती सूप घेऊन मावशीला मदत करायला बसली होती.

भागीमावशीने मला पाणी दिलं, चटई दिली, कोरा चहा दिला. काशिनाथला घागर दिली. झरा दोनशे पावलं खाली आहे. त्याने घागर आणली. तिने दुसरी दिली. तीही आणली. तिसऱ्या वेळी तो निघाला तेव्हा ती माझ्याजवळ बसली. त्याच्याशी ती अजून एक शब्द बोलली नव्हती, पण आवाज झऱ्यापर्यंत जाईल असा होता.

"सायब, तिथं बघा. मोहाचं झाड दिसतं का? त्याच्याखाली पांढरी गाडी उभी ऱ्हायची. मी इथनं बघायची. म्हणायची, आता दार उघडल. दार उघडायचं, सायब उतरायचा. मग म्हणायची, दुसरं दार उघडल. तेही उघडायचं. हा उतरायचा, गाडीभोवती फिरायचा, आणि परत आत बसायचा. गाडी दिसायची. वर कोन यायचं नाय."

खाली मोहाचं झाड नखाएवढं दिसत होतं. वास्तविक मला शिष्टाई करायला आणलं होतं आणि मी वाटेत दोन वाक्यं तयारही केली होती, पण ती आता उपयोगाची राहिली नव्हती.

तिसरी घागर आली. काशिनाथने ती ठेवली, आणि नारळ, हळद, तांदूळ मावशीपुढे मांडून उकिडवा बसला. मान खाली.

"लगीन कोनाचं?" मावशीने विचारलं.

"वैशालीचं."

"आनि?"

काशिनाथने माझ्याकडे पाहिलं. मी फणसाकडे पाहिलं.

"माझं," तो म्हणाला.

"कोनाशी?"

"हिच्याशी."

"तिला इचारलंस?"

बावन्न वर्षांचा, मुलीचा बाप असलेला तो माणूस बायकोकडे वळला. जानकीबाई नागली पाखडत होत्या. सूप थांबवून त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. फाटक्या बाहीवर जरा जास्त वेळ.

"बघू," त्या म्हणाल्या आणि पाखडायला लागल्या.

मावशीने नारळाला हात लावला नाही. तांदूळही तसेच राहिले. संध्याकाळी नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि भाजलेले बोंबील जेवलो. आमच्या घरी बोंबील तळतात. यापुढे भाजावेत असं मी ठरवलं आहे, पण अजून घरी सांगितलेलं नाही. चिकू पाड्यातल्या पोरांनी पाच मिनिटांत संपवले, तेव्हा सौभाग्यवतींचं बरोबर होतं. काशिनाथ कमी जेवला. मला त्याची कीव आली आणि रागही आला. एवढीशी वाट चढायला माणसाला सव्वीस वर्षं का लागावीत? हे मी त्याला विचारणार होतो. मग फायलीतलं माझं अक्षर आठवलं आणि मी कूस बदलली.

रविवार, उतार

सकाळी उठलो तेव्हा मांडलेला नारळ जागेवर नव्हता, तांदूळही नव्हते. भागीमावशी अंगणात उभी होती. हातात गाठोडं, दाराला कडी, चूल विझवलेली.

"चला की," ती म्हणाली. "ऊन होईल."

कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने बेत बदलला असता, असं मला अजूनही वाटतं.

माझे बूट मी पाड्यातच ठेवले. मावशीने आपल्या टायरच्या चपला मला दिल्या आणि स्वतः अनवाणी निघाली. सत्तरीच्या पुढची बाई, पण पाय कुठे ठेवायचा ते तिला बघावं लागत नव्हतं. एक हात तिने काशिनाथच्या खांद्यावर ठेवला होता. आधारासाठी की याने पळू नये म्हणून, ते सांगता येणार नाही. वळण आलं की काशिनाथ शीळ घालायचा.

"कोनासाठी रं वाजवतोस?" तिने विचारलं.

"समोरनं कोन आलं तर."

"कोन येतं इथं?" ती म्हणाली. थोडं चालून पुन्हा म्हणाली, "कोन आलंय?"

त्यानंतर तो शीळ घालेना. मग तीच गुणगुणायला लागली. आधी वाटलं धाप लागली असेल. पण ती गाणं म्हणत होती, लग्नाचं, एकेक ओळ आठवून, आणि प्रत्येक वळणाला थांबून पुढची ओळ जुळवत. मागून जानकीबाई अडलेला शब्द पुरवत होत्या. या खेपेला त्या चोरवाटेने गेल्या नाहीत, सगळी वळणं आमच्याबरोबर उतरल्या. वरून खोरं तसंच उघडं होतं. पण मी बघायचं सोडून ऐकत होतो.

पाचव्या वळणाच्या सपाट खडकावर मावशी टेकली.

"मग? काय ठरवलंस?" तिने जानकीबाईंना विचारलं.

"लुगडं आनून ठेवलंय."

"कवा?"

"झाली की नऊ वर्सं."

काशिनाथने हे ऐकलं. तो खडकावरून उठला आणि उगाच चार पावलं पुढे जाऊन उभा राहिला. आम्ही त्याला तसा राहू दिला.

खाली पोचलो तर जीप यायला अवकाश होता. मोहाच्या मुळीवर मावशी बसली. इतकी वर्षं ती हे झाड वरून बघत आली होती, आता त्याच्याखाली बसून तिने मान वर केली आणि डोंगराच्या माथ्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली.

"इथनं माझं घर दिसतं का रं?"

"घर नाय दिसत," काशिनाथ म्हणाला. "फनस दिसतो. आनि काच चांगली पुसली तर चुलीचा धूर दिसतो."

मी वर पाहिलं. माथ्याच्या कडेला एक काळपट हिरवा ठिपका होता. धूर नव्हता, कारण चूल पेटवणारी इथे बसली होती.

"मग वर का नाय आलास?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"पहिल्या वर्षी सवड नव्हती. मग लाज वाटाय लागली. दर वर्षी जास्तच वाटाय लागली."

सेवापुस्तकातला तो शेरा मला आठवला. वाहन स्वच्छ ठेवतो. मी टायरच्या चपलेतला खडा काढायच्या निमित्ताने खाली वाकलो. खडा नव्हता.

जीप आली. धुळीने इतकी माखली होती की ड्रायव्हरला समोरचं कसं दिसत होतं कोण जाणे. जीप थांबताच काशिनाथ उठला, खांद्यावरचं पिवळं फडकं काढलं, आणि परक्याच्या गाडीची काच पुसायला लागला. त्याचं त्यालाही कळलं नसावं. दोन हात फिरवले असतील नसतील, मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली, त्याच्यापाशी गेली आणि तिने ते फडकं त्याच्या हातातून काढून घेतलं. झटकलं, घडी केली आणि आपल्या गाठोड्यात खोचलं.

"बस आता," ती म्हणाली. "आली ना मी."

जीप निघाली. एक हातभर सोडली तर काच तशीच मळकी राहिली होती. कासा येईपर्यंत आम्हाला पुढचं काही धड दिसलं नाही, आणि मावशी मोठ्याने गात होती.